चढावरची फुले

पुण्याच्या माणसाला रानफुले म्हटले की भाद्रपद आठवतो. गणपती बसले की कासच्या पठाराकडे गाड्यांची रांग लागते; सोनकी, तेरडा, कवळा ही नावे वर्तमानपत्रांत झळकू लागतात; आणि गणपती उठले की रानफुलांचे पुस्तक पुढच्या वर्षापर्यंत मिटते. फाल्गुनातही रानात फुले असतात, आणि ती बघायला बिबवेवाडीतून सायकलवर टांग मारून जाता येते, असे कोणाला सांगावे, तर ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग आपल्या गुडघ्यांकडे. गेली नऊ वर्षे मी हा अनुभव घेत आहे. गुडघे अजून शाबूत आहेत आणि फुलेही, बरीचशी, आहेत. ‘बरीचशी’ हा शब्द मी जाणूनबुजून घातला आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

मुळात आपल्या वसंताविषयी एक गैरसमज आहे, तो आधी दूर केला पाहिजे. इंग्रजी पुस्तके वाचून वाढलेल्या माणसाच्या मनात वसंत म्हणजे हिरवे कुरण आणि त्यावर पसरलेली इवली इवली फुले. हे चित्र खोटे नाही, पण ते आपल्या हवामानाचे नाही. कॅलिफोर्नियाचेच उदाहरण घ्या. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. हिवाळा सरता सरता जमिनीत ओल असते, ऊन चढू लागते, आणि डोंगरउतारावर नारिंगी पॉपीची फुले अशी पसरतात की त्या राज्याने १९०३ साली त्या फुलाला आपले राज्यपुष्पच करून टाकले. आपला पाऊस ज्येष्ठात येतो आणि आश्विनात जातो. म्हणजे जमिनीलगतच्या फुलांचा आपला वसंत श्रावण-भाद्रपदातच उरकतो. फाल्गुन येईपर्यंत माती हातभर खोल कोरडी ठणठणीत झालेली असते; तेरड्याच्या बोंडांनी आपले बी केव्हाच उडवलेले असते आणि कंदवाली मंडळी जमिनीखाली गाढ झोपलेली असतात.

मग फुलायचे कोणी? तर ज्याची मुळे खोल गेली आहेत त्याने. म्हणून आपला फाल्गुनातला वसंत पायाखाली नसतो, डोक्यावर असतो. पांगारा, काटेसावर, पळस, गणेर, मोई ही झाडे थंडीत पाने टाकून देतात, कारण पान म्हणजे पाण्याचा खर्च. आणि घरातले सगळे सामान विकून झाल्यावर एखाद्याने दाराला तोरण बांधावे, तशी ती बोडक्या फांद्यांवर फुलतात. यात वेडेपणा नाही, चांगला धूर्तपणा आहे. पाने नसली म्हणजे लाल-केशरी फूल दुरून दिसते. बुलबुल, साळुंकी, कोतवाल, शिंजीर अशी गिऱ्हाइके आपोआप मधाच्या खानावळीत येतात आणि जाताना डोक्याला परागाचे गंध लावून पुढच्या झाडावर जातात. पळसमैनेला तर नावच त्या झाडाचे मिळाले आहे. ही पाहुणी हिवाळा आपल्याकडे काढते, पळस-पांगाऱ्यावर यथेच्छ ताव मारते आणि एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाची वाट धरते. शिवाय फाल्गुनात फुलले की वैशाख-ज्येष्ठापर्यंत बी तयार होते, आणि ते जमिनीवर पडते न पडते तोच वळवाची सर येते. इतका काटेकोर हिशेब आमच्या सोसायटीच्या खजिनदारालाही जमत नाही.

आता सायकलविषयी. पुण्याला सायकलचे कौतुक सांगणे म्हणजे पंढरपुराला टाळ दाखवणे होय. एके काळी हे सायकलींचेच शहर होते. हर्क्युलिस, रॅले, बी. एस. ए. ही नावे घरातल्या माणसांसारखी घेतली जात. दिव्यावाचून किंवा डबलसीट जाणाऱ्याला पोलीस अडवी. आणि तासाच्या भाड्याने सायकल देणारा दुकानदार प्रत्येक पेठेत असे. पुढे स्कूटर आली आणि सायकलचे दिवस फिरले. महापालिकेने २०१७ साली सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली शहरभर उगवल्या आणि आल्या तशा मावळल्याही. असो. पण त्या जुन्या सायकलवरून डोंगरात कोणी जात नसे. घाटात सायकल न्यायची ती हातात धरून, असाच रिवाज होता.

डोंगरात हाकायची सायकल ही निराळीच चीज आहे आणि तिच्या जन्माची कथा मला फार आवडते. कॅलिफोर्नियात मरीन नावाचा परगणा आहे, डोंगराळ. १९७०च्या दशकात तिथल्या काही तरुणांना जुन्यापान्या, फुगीर टायरच्या, बोजड सायकली कवडीमोलाने मिळू लागल्या. ही पोरे त्या डोंगरावर चढवून उतारावरून सोडून देत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत भरवली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट खाली उतरणारी मातीची वाट! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. उतरता उतरता तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई, आणि खाली पोचल्यावर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावे लागे. ग्रीस ‘पुन्हा भरणे’ म्हणून त्या वाटेचे नाव ‘रीपॅक’. पुढल्याच वर्षी जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सांगाडा बनवला, १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी असल्या सायकलींचे दुकान मांडले, आणि धंदा जगभर गेला. पण ज्या डोंगरावर ही सायकल जन्मली, तिथल्याच अरुंद पायवाटांवर तिला पुढे मज्जाव झाला. चालणाऱ्यांना धक्के लागतात आणि वाटा खचतात, ही तक्रार. तक्रार अगदीच खोटी होती असे मला वाटत नाही.

माझ्याकडची सायकल मुलीची. ती नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि जाड टायरची, एकवीस गिअरची ही वस्तू जिन्याखाली धूळ खात पडली. भंगारात घालण्यापूर्वी एकदा चालवून पाहावी म्हणून मी ती बाहेर काढली. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. ‘पडलीस तर मला फोन करू नकोस, मी मीटिंगमध्ये असेन,’ असे उत्तेजन घरातून मिळाले. पडले नाही. दुसऱ्या रविवारी आई माता मंदिराचा चढ चढले. ज्यांना तो चढ ठाऊक आहे त्यांना अधिक सांगणे नको.

बिबवेवाडी हे गाव आता मार्केट यार्डाचे शेजारी म्हणूनच ओळखले जाते. भल्या पहाटे कांद्या-बटाट्याचे ट्रक, दिवसा हॉर्न, रात्री लग्नाच्या वराती. नाव ऐकले की मला मात्र बिब्बा आठवतो. तोच तो, ज्याच्या काळ्या तेलाने धोबी कपड्यांवर खुणा करीत आणि ज्याच्या आतली गोडंबी डिंकाच्या लाडवात पडते. आमच्या कॉलनीतल्या मुलांना गोडंबी ठाऊक आहे, ती पाकिटात मिळते म्हणून. तिचे झाड असते हे सांगितल्यावर एकाने मला विचारले, ‘काजूसारखे का?’ पोरगा हुशार निघाला. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले.

तर वाट अशी: गंगाधाम चौक, आई मातेचा चढ, कोंढवा बुद्रुक, येवलेवाडी आणि मग बोपदेव घाट. घाटाच्या माथ्यापर्यंत दहा-बारा किलोमीटर. पुण्यातले सायकलवाले सरावासाठी हा घाट चढतात, त्यामुळे रविवारी पहाटे तिथे जत्रा असते. घट्ट कपड्यांतली तरुण मंडळी मला ‘गुड मॉर्निंग, मावशी’ म्हणून मागे टाकतात आणि घड्याळाकडे बघत वळणाआड जातात. किती मिनिटांत घाट चढला याचा हिशेब त्यांच्या मोबाइलमध्ये जमा होतो आणि दुपारपर्यंत मित्रांत वाटला जातो. माझा वेग चढावर ताशी सहा-सात किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. पण चालणाऱ्याला सकाळभरात घाट गाठून परत येणे जमत नाही आणि मोटारीतल्याला फूल दिसत नाही. चढावरची सायकल मात्र बरोबर फुलाच्या वेगाने जाते. उतारावर नजर वाटेवरच्या खड्ड्यातून हलत नाही. नऊ वर्षांत उतरताना मी एकही नवे झाड पाहिलेले नाही.

पहिली फुले भेटतात ती बिनकुळाची. येवलेवाडीपर्यंतच्या धुळीत, संगमरवराच्या गोदामांच्या कुंपणाला लागून, पिवळा धोतरा आणि रुई. धोतरा परदेशचा, अंगभर काटे, पण त्याचे पिवळे फूल रेशमी कागदाचे करावे तसे असते. टणटणी तर सगळीकडेच. ही मंडळी कोणी लावत नाही, कोणी तोडत नाही, आणि त्यांची कोणी छायाचित्रेही काढत नाही.

घाट सुरू झाला की माघ-फाल्गुनात दोन्ही अंगांचे उतार फिकट गुलाबी होतात. हा गिरिपुष्पाचा बहर. आजकाल लोक खास तो पाहायला येतात, छायाचित्रे काढतात आणि जपानशी तुलना करतात. दिसायला तो खरोखरच देखणा असतो. बोडक्या फांदीला चिकटलेले गुलाबी तुरे पहाटेच्या उन्हात धुक्यासारखे दिसतात. पण त्याच्याशी माझे फारसे पटत नाही. हे झाड मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे. पुण्याच्या टेकड्या ‘हिरव्या’ करायच्या ठरल्या तेव्हा ते हजारोंनी लावले गेले, कारण ते पटकन वाढते, तग धरते आणि इकडची गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्याचे दुसरे नाव उंदीरमारी. शास्त्रीय नावाचा अर्थही तोच. सालीचा आणि बियांचा उपयोग तिकडे उंदीर मारण्यासाठी होत असे. गुणही आहेत: ते जमिनीत नत्र भरते, पाल्याचे खत होते. परंतु जिथे त्याची दाटी झाली तिथे खाली गवत उरले नाही, आणि गवत गेले तिथली भाद्रपदातली फुलेही गेली. हिरवे दिसते ते सगळेच रान असते असे नाही. टेकडीवरचे पिवळे पडलेले गवत म्हणजे ‘ओसाड’ जमीन, आणि ओसाड जमिनीत खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे पुण्य, अशी आपली ठाम समजूत आहे. दर जुलैत शाळा, बँका, मंडळे टिकाव घेऊन डोंगरावर येतात. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. त्यांच्या टिकावाखाली कितीदा मुसळीचा कंद येतो, तेही मी पाहिले आहे.

फुलांची अशी दखल घेणारी माणसे या शहराला नवी नाहीत. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, प्राचार्य थिओडोर कुक हे पेशाने इंजिनिअर. पण मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी जाडजूड सूची १९०१पासून क्रमाक्रमाने छापून निघाली, ती त्यांची. आजही अभ्यासक आधी ‘कुक काय म्हणतो’ ते पाहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली पुण्यात संशोधन संस्था उभी केली, तिला आता त्यांचेच नाव आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्रही १९५५पासून इथेच. म्हणजे नावे विचारायला आपल्याला लांब जावे लागत नाही. माझ्यासारख्या हौशी बाईने पाकळी-पान पुढे केले, तर ही मंडळी हसत नाहीत, हा स्वानुभव आहे.

गुलाबी उतार संपून खडक उघडा पडू लागला की खरी मौज सुरू होते. पहिली भेटते धायटी. झुडूपच ते, पण फांदीभर लालभडक नळ्या लागलेल्या. वैद्य लोक आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी हीच फुले वापरतात, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांनी न पाहताच धायटी चाखलेली आहे. जवळच कुठे वाघाटीची वेल काट्यांत गुरफटलेली सापडते. पांढरी, मग गुलाबीकडे झुकणारी फुले आणि वाघनखासारखे वाकडे काटे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याला, जिच्या फळांची भाजी करतात ती हीच. माझ्या मागच्या टायरला तिने दोनदा नख मारले आहे. पहिल्या वेळी मी घाटाच्या कठड्यावर बसून पंक्चर काढायला शिकले. कानसीने ट्यूब घासायची, सोल्युशन लावायचे, ते सुकेपर्यंत धीर धरायचा आणि मग ठिगळ. यांतला धीर सोडून बाकी सगळे पिशवीत मिळते.

माथ्यावर पोचले की पठार. इथे फाल्गुनातही पायाशी फुलणारी दोन नगे आहेत. भुईगेंद, म्हणजे खडकाळ जमिनीला चिकटून बसलेले काटेरी चेंडू, ज्यांतून बारीक फुले डोकावतात. आणि उटकटारी, निळसर पांढरी काटेरी गोळी. बाकी सारे कुसळीचे गवत. या कुसळ्यांनी माझ्या मोज्यांच्या किती जोड्या खाल्ल्या याची गणती नाही. पण एकदा मोज्यातले कुसळ उपटून तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ पडलेली ती शेपटी वळवळत उलगडू लागते. पहिला पाऊस पडला की हीच शेपटी फिरून फिरून बी मातीत ढकलते, स्क्रू पिळावा तसे. जमिनीत दडलेले बी म्हणूनच वणव्यातूनही वाचते.

वणव्याचे बोलायचे तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. होळी आठवड्यावर आली होती. माथ्यावरून कानिफनाथ गडाच्या बाजूला जाणाऱ्या मातीच्या वाटेला मी लागले, तर पुढचा सगळा उतार काळा. आदल्याच दिवशी जळलेला असावा. चाकाखालून राख उडत होती आणि धायटीच्या झुडपांचे नुसते कोळसे उभे होते. एका खडकाजवळ एक म्हातारी सात-आठ शेळ्या घेऊन बसली होती. मला पाहून म्हणाली, ‘पंचर झाली व्हय, ताई?’

‘नाही आजी. फुलं बघायला आले होते.’

‘फुलं? जळाली की समदी.’ ती इतक्या सहजपणे म्हणाली की मला पुढे काय बोलावे सुचेना. मग शहरातल्या माणसाने जे म्हणायचे तेच मी म्हटले. गवत चांगले उगवावे म्हणून गावातलीच माणसे आग लावतात ना?

आजी रागावली नाही. ‘लावत्यात काही येडे. पर माझ्या शेरडांनी आता पाऊस पडंस्तवर काय खावं? राख? मी कशाला लावू? परवा रातीला वर मोटारी आल्या हुत्या. शेकोटी, गाणी, बाटल्या. सकाळच्याला धूर.’ मग हातातल्या काठीने तिने खालच्या घळीकडे बोट केले. ‘तिकडं जा. तिथली जाळरेषा गड्यांनी काढल्याली हाये. थितं पांगारा वाचलाय.’

खरोखरच वाचला होता. घळीच्या एका अंगाला काळे, दुसऱ्या अंगाला सोनेरी गवत आणि मधोमध, चार पावलांची ती पट्टी ओलांडून, पांगारा असा लाल पेटला होता की क्षणभर आग अजून विझलीच नाही असे वाटावे. त्यावर साळुंक्यांचा बाजार भरला होता. आजीच्या शेळ्या माझ्या आधी तिथे पोचल्या आणि खाली पडलेली फुले टिपून खाऊ लागल्या. ती जाळरेषा कोणी काढली, ते गडी कोण, हे मला ठाऊक नाही. पुण्यातल्या पुतळ्यांच्या यादीत त्यांचे नाव येणार नाही एवढे नक्की.

माथा ओलांडून सासवडच्या अंगाला उतरले की पळस लागतो. शेताच्या बांधावर एखाददुसराच, पण मैलावरून दिसतो. पळसाचे वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही; त्याने भल्याभल्यांची लेखणी जाळली आहे. १७५७च्या लढाईने प्रसिद्ध झालेल्या बंगालमधल्या प्लासीचे नावही या पळसावरूनच आले, एवढे सांगून थांबते. या दिवसांत पुरंदरचे अंजीर रस्त्याच्या कडेला टोपल्यांतून विकायला असते. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने भाव वाढला आणि चव होती तशीच राहिली. अंजिराची फुले फळाच्या पोटातच असतात. म्हणजे अर्धा डझन अंजीर खाल्ले की आपण शेकडो फुलांचा समाचार घेतला, असे मी परत आल्यावर घरी सांगते.

आता ते ‘बरीचशी’. कोंढव्याच्या वरच्या अंगाला एका उतारावर, खडकाच्या भेगेत, एक गणेर होता. सोनसावर असेही त्याला म्हणतात. वर्षातले बरेच महिने ते झाड म्हणजे राखी रंगाचे वेडेवाकडे खोड. कोणी ढुंकून बघू नये. पण माघ सरत आला की बोडक्या फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी पिवळीजर्द फुले येत, मध्ये केसरांचा सोनेरी झुबका. सकाळचे ऊन त्यांतून आरपार जाई. सहा वर्षे मी दर फाल्गुनात त्याच्यासमोर सायकल आडवी टाकून डब्यातला उपमा खाल्ला. सातव्या वर्षी गेले तर उतारच नव्हता. डोंगर पाव कापावा तसा उभा कापलेला, लाल-करडा मुरूम उघडा आणि खाली सपाटीवर पत्र्याचे कुंपण. कुंपणावर हिरवळीचे चित्र होते.

एका झाडासाठी कोणी गळा काढू नये, हे मला समजते. माणसांना घरे लागतात. मी स्वतः ज्या इमारतीत राहते तीही कोण्या एके काळच्या शेतावरच उभी आहे. पण उतार ही काही नुसती मोकळी जागा नव्हे. एकास पाचपेक्षा अधिक चढ असेल तिथे बांधकाम करू नये असा नियम आहे, तो काही फुलवेड्यांच्या आग्रहाने झालेला नाही. गवत, झुडपे, खडकांतल्या भेगा पाऊस थोपवून धरतात, मुरवतात. उतार कापला की तेच पाणी एकदम खाली येते. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आमच्या भागातले लोक विसरलेले नाहीत. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा त्या रात्री असा फुगला की सहकारनगर-पद्मावतीच्या वस्त्यांत भिंती कोसळल्या, मोटारी काडेपेटीसारख्या वाहून गेल्या आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. तो ओढा माझ्या गणेराच्या डोंगरातला नव्हे, हे खरे. पण पाण्याला सगळे कापलेले डोंगर सारखेच.

सायकलवाल्यांनीही आपल्या चाकांकडे पाहिले पाहिजे. फाल्गुनात जमीन कडक असते, चाकाने फारसे बिघडत नाही. भाद्रपदात मात्र पठारावरची माती म्हणजे खडकावरचा ओला पापुद्रा. तिच्यावरून टायर एकदा घसरला की चर पडतो, पुढच्या सरीला त्याची नाली होते आणि सीतेची आसवे ज्या ओलाव्यावर उगवतात तो ओलावा त्या नालीतून निघून जातो. म्हणून पावसाळ्यात मी सायकल डांबरी रस्त्यालाच टेकवते आणि पुढे पायी जाते. तरुण मंडळी म्हणतात, मावशी, मग डोंगरातली सायकल घेतलीच कशाला? प्रश्न रास्त आहे. मरीनच्या लोकांनाही तो पडला होता.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तेरडा संपलेला असेल आणि गवत पिकून सोन्याचे झालेले असेल. रानात मधली सुट्टी चालू असेल. घंटा पहिल्यांदा देतो तो पांगारा, साधारण माघाच्या आसपास. त्याच्या मागून काटेसावर, गणेर, मोई. मग होळीच्या तोंडावर पळस. आणि चैत्र-वैशाखात बहावा. ज्यांना चढ नको त्यांनी पहाटे तळजाईच्या टेकडीवर पायी फिरावे. तेही चालते.

राहिली गोष्ट गणेराची. तो कापला जाण्याच्या आदल्या वैशाखात मी त्याची चार-पाच वाळकी बोंडे आणून ठेवली होती, नुसती हौस म्हणून. आत रेशमासारखा कापूस आणि त्यात काळपट, टणक, मूत्रपिंडाच्या आकाराच्या बिया. गरम पाण्यात भिजवून तेलाच्या डब्यांत पेरल्या. तीन रोपे आली. एक कबुतरांनी मोडले. उरलेली दोन आता हातभर झाली आहेत आणि त्यांना जमीन हवी. म्हणून गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत मी विषय मांडला, की मागच्या भिंतीलगत जागा द्यावी.

अध्यक्षांनी विचारले, ‘सावली पडते का?’

‘पावसाळ्यात पडते.’

‘आणि उन्हाळ्यात?’

‘उन्हाळ्यात पाने नसतात. फुले असतात.’

सभेत थोडी शांतता पसरली. मग खजिनदार म्हणाले, की ज्या झाडाला उन्हाळ्यात सावली नाही ते लावायचे कशासाठी, यावर सभासदांचे लेखी मत मागवावे. विषय पुढच्या सभेवर ठेवला आहे. डबे तोवर माझ्या गॅलरीत आहेत, सायकलच्या शेजारी.